एबलटन लाइव्हवरून बिटविगवर येताना

माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. अजून टुणटुणीत आहे, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायचा की लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर जायचं एवढाच प्रश्न उरला. प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत करणाऱ्याला मानधन किती मिळतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय निवडलं ते सांगायला नको.

अडचण एकच, पण चांगलीच मोठी. मी वर्षानुवर्षं काम करतेय ते एबलटन लाइव्ह या संगीत रेकॉर्ड करून रचायच्या सॉफ्टवेअरवर, आणि लाइव्ह विंडोज आणि मॅकसाठीच निघतं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं ते चालवणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री असली उस्तवार करायची माझी तयारी नव्हती. बिटविग स्टुडिओ हे त्याच जातीचं सॉफ्टवेअर मात्र २०१४च्या मार्चमध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तिन्हीकडे चालतं: विंडोज, मॅक, लिनक्स.

आता २०१४ सालचं सॉफ्टवेअर ‘नवं’ कसं, असं कुणीही विचारेल. पण आपल्याकडे स्टुडिओत जाऊन बिटविगचं नाव काढून बघा. ‘काय वीग?’ असंच विचारतात. लाइव्हची पहिली आवृत्ती २००१ची, आणि आज इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर ते दिसतं. दोन्ही कंपन्या बर्लिनच्या. बिटविग सुरू करणाऱ्यांत एबलटनमध्ये काम केलेली मंडळी होती, त्यामुळे दोन्हींचा तोंडवळा घर वेगळं केलेल्या सख्ख्या भावांसारखा आहे. क्लिपांच्या, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यांच्या चौकटी, खाली डाव्या हातापासून उजवीकडे जाणारी इफेक्टांची रांग, डावी-उजवीकडे सरकणारी टाइमलाइन. पहिल्या तासात वाटतं, अरे, हे तर येतंच आपल्याला. दुसऱ्या तासात बोट सारखं टॅबवर जातं, कारण लाइव्हमध्ये टॅब दाबला की क्लिपांच्या पडद्यातून (सेशन) टाइमलाइनच्या पडद्यात (अरेंजमेंट) जाता येतं. बिटविगमध्ये क्लिपा आणि टाइमलाइन एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवता येतात. सवय झाल्यावर हे इतकं सोयीचं वाटलं, की टॅबची आठवणही येईनाशी झाली.

बसवणं सोपं गेलं. उबुंटू स्टुडिओ ही लिनक्सची संगीतवाल्यांसाठीची आवृत्ती टाकली, त्यावर बिटविगचं डेब पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये आत-बाहेर नेणारी पेटी, साधा यूएसबीचा, ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात त्यातला, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसावं लागलं नाही. पाइपवायर ही लिनक्सची आवाजाची व्यवस्था निवडली, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १२८ नमुन्यांचा बफर ठेवला. म्हणजे हिशेबानं साधारण पावणेतीन मिलिसेकंदांचा उशीर, वर इंटरफेसचा आपला थोडा. कीबोर्ड वाजवताना उशीर जाणवत नाही. लिनक्सवर आवाजच येत नाही म्हणून रडायचे दिवस मागे पडलेत, निदान माझ्या यंत्रापुरते तरी.

खरी परीक्षा हातातल्या कामाची होती. नाटकाच्या पहिल्या अंकात पहाटेचं घर आहे, आणि दिग्दर्शकाला तिथं जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या, पण नुसत्या नाही, खाली एक गंभीर, जरा अस्वस्थ करणारा सूर धरून. ओव्या माझ्या आत्यानं म्हटल्या. गावी जाऊन मी त्या जात्यापाशीच रेकॉर्ड केल्या होत्या. मेट्रोनोम लावू का विचारल्यावर आत्या म्हणाली, “तुझ्या मशीनच्या ठोक्यावर नाही हं म्हणायची मी. जातं थांबलं की मी थांबणार.” त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये लय आहे, पण ती जात्याची. मूठभर वैरण घातली की फेरा जड होतो, दाणे सरत आले की घरघर हलकी आणि जलद होते, आणि आत्याचा आवाज त्याच्या मागून जातो. ओळ संपताना ती खुंटा बदलते तिथं एक छोटासा अडखळा आहे. तो मला काढायचाच नव्हता.

ही फाइल लाइव्हमध्ये आधीच अर्धी बांधून झाली होती. बिटविग लाइव्हचे प्रोजेक्ट उघडू शकतं हे वाचलं होतं, तेव्हा सगळ्यात आधी तेच केलं. ऑडिओ आणि नोटा आल्या, ट्रॅकांची रचनाही आली. लाइव्हची स्वतःची वाद्यं आणि इफेक्ट आहेत तसे येणार नव्हतेच, आणि मॅक्स फॉर लाइव्हमधली, म्हणजे लाइव्हच्या आत स्वतःची उपकरणं बनवायच्या सोयीतली उपकरणं तर लाइव्हबाहेर चालतच नाहीत. म्हणून ज्यांना हा उद्योग करायचाय त्यांना एक सांगते: जुन्या मशीनवर लाइव्ह चालू आहे तोवर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवा. प्रोजेक्ट उघडणं म्हणजे गाणं परत मिळणं नव्हे.

मग ओव्यांचा ताण-आवळ, म्हणजे स्ट्रेचिंग. दोन्हीकडे चांगल्या प्रतीच्या मोडमागे झेडप्लेन नावाच्या बर्लिनच्याच कंपनीचं इलास्टिक तंत्र आहे, त्यामुळे कान लावून कितीही ऐकलं तरी आत्याच्या आवाजात मला फरक सापडला नाही. ‘याचा साउंड त्यापेक्षा वॉर्म आहे’ वगैरे जे बोललं जातं, ते मी तरी आता मनावर घेत नाही. फरक आहे तो हाताळणीत. मला रेकॉर्डिंग ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठोक्यांच्या रेघांवर बसवायचं नव्हतं, ग्रिडला आत्याच्या मागून चालवायचं होतं. लाइव्हच्या अरेंजमेंटमध्ये क्लिपला टेम्पोची ‘लीडर’ करता येतं. वॉर्प मार्कर, म्हणजे ठोका कुठं आहे त्या खुणा लावून एक बटण दाबलं की अख्खं गाणं त्या क्लिपच्या चालीनं चालतं. बिटविगमध्ये इतकी सरळ वाट मला काही सापडली नाही. मी टेम्पोची ऑटोमेशन रेघ, म्हणजे वेग कुठं किती बदलायचा ते सांगणारी रेघ हातानं ओढली, फेऱ्यागणिक. वेळखाऊ काम आहे. इथं लाइव्ह निर्विवाद पुढे.

पण त्याच क्लिपच्या आत गेल्यावर पारडं फिरलं. लाइव्हमध्ये एका ऑडिओ क्लिपमध्ये एकच फाइल. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याची वेगळी क्लिप होते, आणि परत एक करायची तर ‘कन्सॉलिडेट’ करून नवी फाइल बनते. बिटविगमध्ये एका क्लिपमध्ये कितीही तुकडे राहतात, आणि प्रत्येकाचा आवाज, पॅन, पट्टी वेगळी ठेवता येते. आत्याच्या दुसऱ्या ओवीत एक शब्द जात्याच्या घरघरीत बुडला होता. तेवढाच तुकडा कापून वर उचलला, बाकी क्लिप तशीच. नंतर दिग्दर्शकानं ती ओवीच पुढे ढकलली, तेव्हा सगळं एकगठ्ठा उचलून ठेवता आलं.

सुराचं प्रकरण त्याहून नाजूक. आत्याची पट्टी काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे कुठंतरी, आणि तिचा गंधार अर्थातच हार्मोनियमचा नव्हे. पाश्चात्त्य समान वाटणीत षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो (हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट), तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६वर. चौदा सेंट म्हणजे आकड्यात काहीच नाही, पण खाली लांबलचक धरलेला सूर ठेवला की त्या चौदा सेंटांचे ठोके कानाला टोचतात. मार्च २०२४ला आलेल्या लाइव्ह १२मध्ये यासाठी ट्यूनिंग सिस्टिम आहेत, स्वरांची मापं लिहिलेली स्काला फाइल उचलून टाकली की अख्ख्या सेटला लागू होते. व्यवस्था देखणी आहे. बिटविगमध्ये मायक्रो-पिच नावाचं छोटं उपकरण वाद्याच्या आधी ठेवायचं आणि बाराही स्वरांना हवे तितके सेंट वर-खाली करायचं. स्वर लावायचे ते त्याच ट्रॅकपुरते, आणि मला तेच हवं होतं: खालचा सूर स्वयंभू, आणि शेजारघरातून ऐकू येणारी हार्मोनियम मात्र जशीच्या तशी, किंचित बेसूर. दिग्दर्शकाला त्या घासाघाशीतून प्रसंगातला ताण मिळाला. मींडेसाठी दोन्हीकडे प्रत्येक नोटेवर स्वतंत्र वळण काढता येतं, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. वाद्य म्हणून सर्ज एक्सटी वापरलं. ते फुकट आहे, मुक्त आहे आणि लिनक्सवर चालतं.

ज्या गोष्टीनं मी बिटविगवर राहिले ती म्हणजे मॉड्युलेटर, म्हणजे एखादी कळ आपोआप हलवत राहणारं उपकरण. खालचा सूर जात्याबरोबर श्वास घेतोय असं मला हवं होतं. फेरा जड झाला की सूर गडद, हलका झाला की उजळ. लाइव्हमध्ये हे होतं, पण त्यासाठी मॅक्स फॉर लाइव्हमधला, आवाजाच्या चढउताराच्या मागून जाणारा एन्व्हलप फॉलोअर लागतो, म्हणजे सगळ्यात वरची स्यूट आवृत्ती हवी, नाहीतर स्टँडर्डवर मॅक्स फॉर लाइव्ह वेगळं विकत घ्यायचं. बिटविगमध्ये वाद्याच्या डाव्या कडेला दुसऱ्या ट्रॅकचा आवाज ऐकून हलणारा ऑडिओ साइडचेन मॉड्युलेटर टाकला, त्याला जात्याचा ट्रॅक दाखवला, आणि फिल्टरची कळ धरून हवी तितकी ओढली. झालं. कळीभोवती एक रंगीत कड येते आणि ती जात्याच्या घरघरीबरोबर हलताना दिसते. मग मी तोच मॉड्युलेटर रिव्हर्बलाही जोडला, आणि नंतर जरा कमी केला, कारण सगळंच हलायला लागलं की कुणीच हलत नाही असं होतं. हा मोह बिटविगमध्ये फार आहे. कुठलीही गोष्ट कशालाही जोडता येते, आणि रात्रीचे दोन वाजेपर्यंत आपण जोडतच बसतो. गाणं तिथंच असतं. त्यात तिसऱ्या आवृत्तीपासून ‘ग्रिड’ आहे, ज्यात वायरी जोडून स्वतःचं वाद्य बनवता येतं. त्या दालनात मी नाटकाचं काम हातात असताना जात नाही.

विंडोजसाठीचे काही जुने प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, मी वाइन आणि त्याला जोडून चालणाऱ्या याब्रिजमधून लिनक्सवर आणले होते. त्यातला एक तालमीच्या वेळी कोसळला. पण प्लगइन बिटविगपासून वेगळ्या प्रक्रियेत चालवता येतात, त्यामुळे त्याच्या जागी तो कोसळल्याची पाटी आणि पुन्हा चालू करायचं बटण एवढंच दिसलं. जातं चालू, आत्या चालू, फक्त एक इफेक्ट गप्प. स्टेजवरच्या नटांना पत्ताही लागला नाही. थिएटरमध्ये या एका सोयीचं मोल फार आहे.

मिक्स करणारा मित्र क्यूबेस या तिसऱ्याच सॉफ्टवेअरवाला. पूर्वी त्याला वेव्ह फाइलींचा ढीग पाठवायचे. आता बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी २०२३मध्ये आणलेलं डॉ-प्रोजेक्ट हे खुलं फाइल स्वरूप क्यूबेस १४ उघडतं, त्यामुळे ट्रॅक, क्लिपा, ऑटोमेशन असं बरंचसं नीट पोचलं. मायक्रो-पिच आणि मॉड्युलेटर वगैरे बिटविगची स्वतःची चैन तिकडे जाणार नाही हे धरून मी ते ट्रॅक आधीच बाउन्स करून, म्हणजे साध्या ऑडिओ फाइली बनवून दिले.

आणि प्रयोग? तो लाइव्हवरच होतो. संगीत ऑपरेट करणारा मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर लाइव्ह इंट्रो ही लाइव्हची छोटी आवृत्ती वापरतो. त्याला मी बिटविग दाखवलं, तर म्हणाला, “ताई, छान आहे, पण प्रयोगाला मला हात आंधळेपणानं जायला हवेत.” त्याचं खरं आहे. सेशनमधे वरून खाली क्यू लावलेले, क्वांटायझेशन बंद (म्हणजे क्लिप पुढच्या ठोक्यासाठी न थांबता लगेच वाजते), एकेका ओळीला एकेक एन्ट्री. इंट्रोची सोळा ट्रॅकांची मर्यादा नाटकाला पुरून उरते. शिवाय तो आजारी पडला तर त्याच्या जागी लाइव्ह येणारा दुसरा कुणीतरी फोनवर मिळतो. बिटविग येणारा माणूस मी अजून शोधतेच आहे. हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेत धरायचं की नाही माहीत नाही, पण नाटकाच्या धंद्यात धरावं लागतं.

पैशाचं सांगायचं तर मी पाहिलं तेव्हा लाइव्ह स्यूट ७४९ डॉलर आणि बिटविग स्टुडिओ ३९९ डॉलर होतं. त्याहून स्वस्त आवृत्त्या दोन्हीकडे आहेत. बिटविगबरोबर बारा महिन्यांचे अपग्रेड मिळतात. मुदत संपली तरी तोवरची शेवटची आवृत्ती आपल्याकडे चालत राहते, नवं हवं असेल तरच पुढचे पैसे. पूर्ण पैसे न देता मी सणासुदीच्या सवलतीची वाट पाहिली, दोघंही वर्षातून कधीतरी देतात. तोवर तीस दिवसांच्या चाचणीत ओव्यांचा कच्चा आराखडा करून घेतला होता.

आता दुसऱ्या अंकातला पाऊस राहिलाय. तो मी बिटविगमध्येच करणार आहे.