कौलारू संग्रहालयावर पत्रा टाकण्याआधी

ठाण्यातल्या जुन्या कौलारू वास्तूत संग्रहालय असलं आणि छप्पर गळायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: वरून पत्रा टाका. तो ऐकू नका. पहाटे पत्रा गार पडला की खालच्या दमट हवेचे थेंब धरतात आणि कौलांवर, रिपांवर (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) ठिबकत राहतात. गळती थांबल्यासारखी वाटते, पण लाकूड आतून कुजतं आणि दालनातल्या कागदाला, कापडाला बुरशी धरते.

मंगलोरी कौल भिजतं आणि वाळतं, त्यात काही चूक नाही. बघायचं ते पाणी किती लवकर उतरतं हे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटरच्या छपरावरून तासाभरात १०,००० लिटर पाणी खाली येतं. एवढ्या पावसात ४ इंची उभा नळ साधारण ४० चौरस मीटरला पुरतो, म्हणजे इथे तीन हवेत. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा इंचभर खाली ठेवा. पिंपळाची पानं अडकून पाणी तुंबलंच, तर ते अंगणात सांडेल, भिंतीत शिरणार नाही. तांब्याच्या पन्हळीतलं पाणी जस्ताच्या पत्र्यावर सोडू नका, पत्रा लवकर खाल्ला जातो.

कौलं उतरवताना एकेक बोटाने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे. नवी घेताना नमुन्याची चार-पाच कोरडी तोला, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या वर गेलं तर तो माल परत पाठवा. जुन्या-नव्याचे साचे जुळत नाहीत, म्हणून नवी कौलं एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) एकत्र लावा, मध्ये मध्ये ठिगळं नकोत. रिपांचं अंतरही हातातल्या कौलावरूनच काढा.

सगळ्यात घातकी जागा म्हणजे भिंतीत शिरलेलं वाशाचं टोक. बाहेरून रंग ठीक दिसतो, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला की लोण्यात घुसावा तसा दोन इंच आत जातो. भिंतीतल्या ओलीने आणि वाळवीने पोखरलेलं तेवढंच टोक कापा आणि जुन्या सागाला तिरका सांधा देऊन नवा साग जोडा. अख्खा वासा बदलायची घाई नको. टोकाभोवती १० ते १२ मिलिमीटर मोकळी हवा राहू द्या. तिथे सिमेंट भरलं की दुखणं परत येतं.

आढ्यावर, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या माथ्यावरही सिमेंट नको. उन्हात कौल आणि सिमेंट सारखं हलत नाही, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत केसासारखी चीर पडते आणि पाणी थेट आढ्यात उतरतं. चुना आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा ती हालचाल सोसतो.

वादळाचा विचार आता टाळता येत नाही. १७ मे २०२१ ला तौक्तेने ठाण्यालाही झोडपलं. वारा आधी कडा उचलतो, म्हणून वळचण, आढं आणि बाजूच्या कडांचं प्रत्येक कौल मागच्या भोकातून तारेने रिपेला बांधा. मधल्या पाख्यावर एक ओळ सोडून एक बांधली तरी चालतं. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची घ्या. खाडीच्या खाऱ्या हवेत साधी तार गंजून तुटते आणि ते खालून कळतही नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करा, एप्रिलअखेर संपवा. एका वेळी एकच पाखं उघडा, आणि त्या मापाची ताडपत्री दोऱ्यांसकट छपराशेजारीच ठेवा.