बोलण्याची मुभा आणि पोहोचण्याची वाट

२०१५ च्या मार्चमध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. फेसबुकवरील मजकुरापायी २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, ती याच कलमाचा आधार घेऊन. २७ तारखेला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, चर्चापत्र काढले आणि इंटरनेटवरील निरनिराळ्या सेवांना निरनिराळे दर लावू द्यावेत का, हा प्रश्न लोकांपुढे ठेवला. पहिल्या बातमीने आनंद झाला. दुसरीचे गांभीर्य मला उशिरा उमगले.

ते उमगले सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये. माझ्या परिचितांच्या मुलीने त्यांच्या टॉवेलांच्या नमुन्यांचे संकेतस्थळ मराठीत आणि तेलुगूत तयार केले होते. मागांच्या खडखडाटात ती मोबाइल पुढे धरून उभी होती आणि पडद्यावर आधी टॉवेलची किनार, मग मधला चौकडा असे चित्र सावकाश उतरत होते. "काका, ठरावीक साइट फुकट झाल्या, तर पैसे मोजून आमची कोण उघडेल?" तिने विचारले.

पुढे ठरावीक साइट फुकट देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेच्या वेळी, गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळाले तर काय बिघडले, असे सांगितले गेले. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण ते थोडे कोणते, हे कंपनीने ठरवायचे, आणि तिथेच माझी हरकत आहे. कलम ६६अ विरुद्ध निदान न्यायालयात दाद मागता आली. दरपत्रकामुळे ज्याचा आवाज कोणापर्यंत पोहोचतच नाही, त्याला आपल्यावर अन्याय झाल्याचे कळतसुद्धा नाही.

ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले, त्यांत माझाही एक होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली, उल्लंघनाला दिवसाला ५०,००० रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. २०१८ मध्ये वेग मुद्दाम कमी करणे, अडवणे यांविरुद्धची तत्त्वेही सरकारने स्वीकारली. अमेरिकेत मात्र असेच नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परतले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात टिकले नाहीत.

आता आपल्याकडील दूरसंचार कंपन्या मोठ्या संकेतस्थळांकडून इंटरनेटच्या जाळ्याच्या खर्चाचा वाटा मागत आहेत. आज मोठ्यांकडून घेतलेला वाटा उद्या लहानांकडे मागितला जाणार नाही, याची हमी मला कुठे दिसत नाही. पुढचे चर्चापत्र निघेल तेव्हा हरकत मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही भाषांत पाठवायची, असे त्या मुलीचे आणि माझे ठरले आहे.