काकडीच्या मुळांनी जेलचा रंग बदलला: लोह आणि नत्र प्रयोगाची नोंद

लोह तोडलेल्या, म्हणजे लोह देणं बंद केलेल्या, काकडीची मुळं काय करतात ते अखेर जेलमध्ये दिसलं. आतापर्यंतच्या नोंदी पानांच्याच होत्या: शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. लोह झाडात सहजी जागा बदलत नाही, जुन्या पानातलं काढून नव्याला देता येत नाही, म्हणून झळ कोवळ्या पानांना बसते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम यांचं उलट. ते खालच्या पानांतून उपसून शेंड्याकडे पाठवता येतं. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण पान रंग बदलेपर्यंत मुळांनी बरंच काही करून ठेवलेलं असतं आणि मला तेच पाहायचं होतं.

कृती अशी. ०.७५ टक्के अगार (गार झाल्यावर जेलीसारखं घट्ट होणारं द्रव्य), त्यात ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा आम्लतेनुसार रंग बदलणारा सूचक, सामू (पीएच; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ च्या आसपास. मिश्रण कोमट झालं, पण घट्ट व्हायच्या आत, धुतलेल्या मुळांवर पातळ थर ओतायचा. हा सूचक सामू ५.२ च्या खाली पिवळा होतो आणि ६.८ च्या वर जांभळा. लोह मिळत असलेल्या काकडीभोवती जेल जांभळं होत गेलं. लोह तोडलेल्या काकडीच्या मुळांवर पिवळी वलयं आली, तीही सगळ्या मुळावर नाही, टोकाच्या जरा मागे. नेमकं तिथेच मूळ किंचित फुगलेलं होतं आणि मूलरोमांची दाट लव होती. भिंगातून हे पाहताना किती वेळ गेला कळलं नाही.

यामागचं कारण रसायनात आहे. मातीत लोह भरपूर असतं, पण बहुतेक फेरिक (Fe³⁺) रूपात, पाण्यात न विरघळणारं. सामू एका अंकाने उतरला की फेरिक लोहाची विद्राव्यता साधारण हजारपट वाढते. म्हणून मुळाच्या पेशी प्रोटॉन, म्हणजे आम्लता वाढवणारे हायड्रोजनचे आयन, बाहेर टाकतात, मग त्यांच्या पृष्ठभागावरचं रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) फेरिकचं फेरस (Fe²⁺) करतं आणि आयआरटी१ हे वाहक प्रथिन ते फेरस आत घेतं. लोह कमी पडलं की ही तिन्ही कामं एकत्रच वाढतात.

करून पाहणार असाल तर एक गोष्ट सांभाळा: नत्र फक्त नायट्रेटच्या रूपात द्या. अमोनियम हे नत्राचं दुसरं रूप घेताना मुळं प्रोटॉन सोडतातच, मग लोह पोटभर असलं तरी जेल पिवळं पडेल. नायट्रेट घेताना सामू चढतो, त्यामुळे तशा झाडात पिवळं वलय आलं तर ते लोहाचंच धरता येतं.

शेजारी मका होता. कोवळी पानं त्याचीही पिवळी, पण मुळांभोवती जेल जांभळंच राहिलं. गवतवर्गाची रीत निराळी आहे. १९७६ मध्ये जपानचे संशोधक ताकागी यांनी ओट आणि भाताच्या मुळांच्या धुवणात लोहाला धरून ठेवणारी द्रव्यं दाखवली. म्युजिनिक आम्ल हे त्याच घराण्यातलं. मूळ ही द्रव्यं बाहेर सोडतं, ती फेरिक लोहाला धरतात आणि ती जोडी अख्खीच आत घेतली जाते. भोवतालचा सामू उतरवायची गरज पडत नाही. एकाच टंचाईला दोन इतकी वेगळी उत्तरं एकाच टेबलावर पाहायला मिळाली, म्हणून हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता नत्राचं. टोमॅटोचं मुख्य मूळ खुडून बाजूची मुळं वाढू दिली, मग निम्मी एका डब्यात आणि निम्मी दुसऱ्यात सोडली. एकीकडे नायट्रेट, दुसरीकडे बाकी सगळं, फक्त नत्र नाही. सहज वाटेल की उपाशी बाजू जास्त पसरेल. घडलं उलट: नायट्रेटच्या बाजूची बारीक मुळं दाट झाली, उपाशी बाजू विरळच राहिली. संशोधक ड्र्यू यांनी १९७५ मध्ये बार्लीवर हेच दाखवलं होतं, नायट्रेट, अमोनियम आणि फॉस्फेट (स्फुरदाचं रूप) तिन्हींसाठी. पालाशला मात्र मुळांनी तसा प्रतिसाद दिला नव्हता.

यात पानांचाही हात आहे. नत्र न मिळालेली मुळं सीईपी नावाची छोटी पेप्टाइडं (प्रथिनांसारख्या लहान साखळ्या) वर पाठवतात, पानं ती ओळखतात आणि तिथून दुसरा निरोप खाली येतो. त्याने जिथे नायट्रेट आहे त्या मुळांची शोषणक्षमता वाढते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत जपानच्या नागोया विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये ही साखळी मांडली. म्हणजे टंचाई एका मुळाला जाणवते आणि काम दुसऱ्यावर पडतं. म्हणून नुसत्या पानांच्या रंगतक्त्यावरून कमतरता ठरवण्याची आपली सवय मला अपुरी वाटते. शक्य असेल तिथे एखादं रोप उपटून मुळंही पाहावीत.

पुढे स्फुरद. तो जमिनीत जवळपास जागचा हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये मुख्य मुळाचं टोक स्फुरद नसलेल्या माध्यमाला नुसतं टेकलं तरी त्याची वाढ थांबते, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. काचेच्या तिरक्या पेटीत वर स्फुरद दिलेला थर आणि खाली धुतलेली वाळू अशी मांडणी करतोय. हा थांबा प्रत्येक जातीत इतका ठळक नसतो, म्हणून टोमॅटोच्या जोडीला मोहरीही लावणार आहे. ती अरॅबिडॉप्सिसच्याच कुळातली.