पैसे काढायचं बटण

२० ऑगस्ट २०२५, बुधवार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारं विधेयक लोकसभेत गोंधळातच मंजूर झालं, तेव्हा बाणेरच्या आमच्या स्टुडिओत रमी अ‍ॅपच्या 'बाप्पा बोनस'चं टेस्टिंग चाललं होतं. गणपती पुढच्या बुधवारी. पत्त्यांच्या पैशाला बाप्पाचं नाव दिलंय, हे मी घरी आईला सांगितलं नव्हतं. ऑफिसात 'जुगार' हा शब्द चालायचा नाही. रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच सांगितलंय, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर, पण कंपनीच्या ग्रुपवर चकार शब्द नाही. गुरुवारी राज्यसभेतही झालं, तरी स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, प्रॉडक्ट मॅनेजरचा प्रश्न एकच: बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची नवी आवृत्ती, आज रात्री जातंय ना? रात्री पिझ्झा आला. पिझ्झा आला की घरी कधी जायचं ते विचारायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यावर दुप्पट पगार असं होतं. व्यवस्थापकीय पदांना मात्र त्यातून सूट. म्हणूनच की काय, आमच्याकडे जो तो 'लीड' व्हायचा. मीही क्यूए लीड, म्हणजे टेस्टिंगची प्रमुख. हाताखाली माणूस एकही नाही, टेस्टिंगचे फोन तेवढे होते.

शुक्रवारी राष्ट्रपतींची सही झाली. संस्थापकांनी सगळ्यांना कॉलवर घेतलं. पैसे भरणं बंद, शिल्लक काढता आली पाहिजे, सगळे विथड्रॉवलवर, म्हणजे पैसे काढायच्या सोयीवर, लागा.

तर या विथड्रॉवलची गंमत सांगते. पैसे भरायचं बटण हिरवंगार, प्रत्येक स्क्रीनवर. काढायचं बटण प्रोफाइल, मग वॉलेट, मग 'अधिक', तिथे खाली करड्या अक्षरांत. स्वस्तातल्या फोनवर अक्षरं मोठी ठेवली असतील तर रक्कम टाकताना कीबोर्ड वर यायचा आणि बटण त्याच्यामागे जायचं. बॅक दाबलं की टाकलेली रक्कम पुसली जायची. हा बग, म्हणजे अ‍ॅपमधली चूक, मी तिकीट करून व्हिडिओसकट नोंदवला होता, बंद केल्यावर पुन्हा उघडला होता. 'लो प्रायॉरिटी.' भरायचं बटण एकदा जरा उशिरा उघडत होतं, तर रविवारी बोलावून घेतलं होतं. मॅनेजर काही दुष्ट नव्हता. त्याचा इन्सेंटिव्ह लोक किती भरतात यावर ठरायचा, किती काढतात यावर नाही.

त्या दुपारी तेच तिकीट सगळ्यात वर आलं. "हे कुणी दाबून ठेवलं?" संस्थापकांनी ग्रुपवर विचारलं. मॅनेजरनं मला टॅग केलं. मी त्याच्याच जुन्या कमेंटचा स्क्रीनशॉट टाकला: 'फार लोकांना कळणार नाही, राहू दे.' पुढे कुणी काही लिहिलं नाही. डेव्हलपरनं स्क्रीन स्क्रोल होईल असं केलं आणि तासाभरात बग मिटला.

शनिवार-रविवार सपोर्टच्या पोरींचे फोन थांबेनात. शंभर-दोनशे रुपये अडकलेलेच जास्त.

सोमवारी एचआरनं एकेकाला आत घेतलं. कागद तयारच: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.'

"यात वैयक्तिक काय आहे? काढताय तर तसं लिहा आणि नोटिशीचा पगार द्या."

"अगं, तू लीड आहेस, तूच समजून घ्यायला हवंस. रिलीव्हिंग लेटर लगेच मिळेल."

मी सही केली नाही. बऱ्याच जणांनी केली. घराचा हप्ता चालू असलेल्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार? माझा नोटिशीचा पगार मेलवर मेल केल्यावर दिवाळी उलटून जमा झाला, आणि लेटरवर पद फक्त 'टेस्टर'.