वैनगंगेकाठून मालवणच्या दर्यात: आमची वाटचाल

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीपासून मालवण हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या भागात समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातली निळी पट्टी. मुंबईला गेलंच कुणी, तर चौपाटीवर पाय ओले करून परत. अशा ठिकाणी, धानाच्या बांध्यांच्या मधोमध बसून, आपल्या माणसांना मोटरबोटीतून कोकणचा किनारा दाखवायचा व्यवसाय आम्ही नवरा-बायकोनं उभा केला. आज भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची मंडळी आमच्याबरोबर येतात, म्हणून ही वाटचाल लिहून ठेवतो.

आम्ही धिवर. आजोबा वैनगंगेत डोंगा चालवायचे, जाळं टाकायचे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि पुढं आमच्या गावासारखी कितीतरी गावं पाण्याखाली गेली. मोबदल्याचे पैसे आले, त्यातून वडिलांनी एक ट्रॅक्स घेतली. शेगाव, रामटेक, पंढरपूर अशी भाडी, लग्नसराईत वरात, एरवी बाजार. ती गाडी मी चालवायचो. पंढरपूरला नेलेल्या काही काकाजींनी एका वर्षी हट्टच धरला की इतके आलो तर समुद्र पाहूनच जाऊ. तिथून आमचा रस्ता कोकणाकडं वळला.

तेव्हा मालवणच्या धक्क्यावर आम्ही सगळे करतात तेच केलं. तिकीट काढलं, होडीत बसलो, सिंधुदुर्ग पाहिला, परत आलो. किल्ला बघून डोळे दिपले, त्यात शंका नाही. 1664 मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी झाली आणि तीन वर्षांत महाराजांनी तो उभा केला. चहूकडं खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पण होडीतला वेळ मोजून थोडा. मंडळी दोन दिवसांचा प्रवास करून आली होती आणि पाण्यावर बसायला मिळालं ते चहा संपेपर्यंत. परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांच्या तोंडी किल्ल्यापेक्षा ती होडीच जास्त होती. माझी बायको म्हणाली, लोकांना पाण्यावर बसायचं आहे, आपण त्यांना पाण्यावर बसवू. आमचा व्यवसाय या वाक्यातून निघाला.

देवबागच्या एका तांडेल काकांशी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाशी, ओळख झाली. त्यांच्याकडं फायबरची बोट, मागं आऊटबोर्ड इंजिन, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना. आम्ही त्यांना म्हटलं, आम्हाला पॉइंट नकोत, अख्खी सकाळ द्या. किनाऱ्याला धरून सावकाश न्या, जिथं बघण्यासारखं असेल तिथं इंजिन मंद करा. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर: तारीख तुम्ही ठरवायची नाही, तारीख पाणी ठरवेल.

ही अट समजून घ्यायला आम्हाला एक अख्खा हंगाम लागला. आमची नदी पावसाळ्यात चढते आणि नंतर उतरत जाते, वर्षाचा हिशेब असतो तिचा. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. कोकणातले जुने लोक त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला, आणि त्याच दिवसांत उधाण मोठं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही, उतरतही नाही. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण तांडेलाला तेवढं पुरतं.

आता यात आमचं काम काय? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि त्या मुखावर वाळूचा दांडा आहे. ओहोटीला नदीचं पाणी जोरानं बाहेर पडतं, समोरून लाट येते, दोघांची गाठ त्या दांड्यावर पडते आणि लाटा उभ्या राहून फुटायला लागतात. भरती चढत असताना तेच मुख बरंच शांत असतं. दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं. ऊन तापलं की दुपारी खारा वारा सुटतो आणि बोट आपटायला लागते. म्हणजे भरती सकाळची हवी आणि फेरी दुपारच्या आत संपायला हवी. हिशेब घातला तर दशमी ते चतुर्दशी हे दिवस हाती लागतात. तेव्हापासून आमच्या सहलींच्या तारखा पंचांगावरून निघतात. दुकानात कॅलेंडर नाही, पंचांग टांगलेलं असतं. नोकरदार मंडळी विचारतात की शनिवार-रविवार का नाही, त्यांना आम्ही बसवून हे सगळं समजावतो.

एकादशी मात्र नेमकी यातच येते. आमच्याकडं वारकरी घरं बरीच. म्हणून मालवणच्या खानावळीत त्या दिवशी अर्ध्या पंगतीला साबुदाण्याची उसळ आणि भगर, अर्ध्या पंगतीला बांगडा आणि सोलकढी, अशी व्यवस्था बायकोनं लावून दिली आहे. रोहू, कतला आणि झिंगे खाऊन वाढलेली आमची माणसं सुरमईला पटकन हात घालतात, नारळाच्या रशाला मात्र वेळ लागतो.

बोटीतून काय दिसतं, हे आता सांगतो, कारण लोक पैसे त्याचे देतात. मालवणचा धक्का सुटला की आधी किल्ल्याचा तट येतो. लांबून तो सलग दिसतो, दरवाजा कुठं आहे ते कळतच नाही. बोट अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या वळणाआड तो उघडतो. शत्रूच्या गलबतावरून हा तट कसा दिसत असेल, ते पाण्यावरूनच कळतं. पुढं तारकर्लीची वाळू, तिच्यामागं सुरूच्या झाडांची रांग, तिच्यामागं माड. मग देवबाग: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सगळं गाव. रस्त्यानं गेलात तर दोन्ही पाणी एका वेळी दिसत नाही. मुखाबाहेर पडलं की भोगवे गावाकडं लाल जांभ्याचे कडे आणि त्यांच्या पायथ्याशी फेस. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे पाण्यावर बसलेले असतात, बोट आली की उठतात आणि मागं जाऊन पुन्हा बसतात.

डॉल्फिन दिसले की आसपासच्या काही बोटी त्यांच्यामागं सुसाट सुटतात. आमचे काका इंजिन न्यूट्रलला टाकतात आणि गप्प बसतात. बहुतेक वेळा थोड्याच वेळात फुस्स असा श्वासाचा आवाज येतो, आणि मग करडी पाठ. पाठलाग करणाऱ्यांना एवढं जवळून कधी दिसत नाही. आमच्या करारात हे लिहिलेलं आहे: डॉल्फिनमागं बोट पळवायची नाही.

मुख ओलांडायची घडी मला स्वतःला सगळ्यात प्रिय. काका वेग कमी करतात, दांड्याच्या अलीकडं बोट धरून ठेवतात. सगळे बोलायचे थांबतात. "वाईच थांबा, लाट जावंदे," काका म्हणतात. एक जाते, दुसरी जाते, मग एका लाटेच्या पाठीवर बोट चढवून तिच्याच वेगानं ते आत घेतात, ना पुढं, ना मागं. एक म्हातारे धिवर काकाजी, जन्म नदीत गेलेला, हे पाहून मला म्हणाले, "बापा, हा मानूस पान्यासंगं बोलते." तांडेलांची नजर दर थोड्या वेळानं मागं जाते, तेही त्यांनीच हेरलं. इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. ती चालू म्हणजे इंजिन थंड होतंय. धार तुटली तर आत रेती नाहीतर प्लास्टिक अडकलं. काठावर आल्यावर काका इंजिन गोड्या पाण्यानं धुतात, मिठानं खाऊ नये म्हणून. आमचे काकाजी ते धुणंही उभं राहून पाहत होते.

लाइफ जॅकेटबद्दल आम्ही कुणाचंच ऐकत नाही. सुरुवातीला आमच्याच समाजाची माणसं म्हणायची, पाण्यात वाढलो, आम्हाले काय होते. मग जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडं निघालेल्या बाया होत्या. त्यांच्यातल्या कित्येकजणी परतल्या नाहीत. आमच्या बचत गटांच्या सहलीत त्याच भागातल्या ताया असतात, त्या दिवसापासून जॅकेटचा पट्टा एकमेकींना त्याच बांधून देतात, मला सांगावं लागत नाही. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते रंगवून लिहिलेलं असतं. एकदा काका आजारी होते आणि दुसऱ्या बोटवाल्यानं त्यापेक्षा जास्त माणसं भरायला घेतली. आम्ही आमची सगळी मंडळी खाली उतरवली, त्या दिवशी फेरी झाली नाही, पैसे परत केले.

धंद्याच्या बाजूनं सांगायचं तर आमचा हंगाम धानाशी बांधलेला आहे. दिवाळीनंतर कापणी, मळणी, मग धान विकून पैसा हाती आला की माणूस मोकळा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी भर. नेमका तोच काळ समुद्रही शांत असतो, हे आमचं भाग्य. बचत गटांच्या ताया वर्षभर थोडे थोडे पैसे जमा करतात, तो हिशेब बायको सांभाळते. नागपूर–मडगाव रेल्वे सुरू झाल्यापासून कुडाळपर्यंत थेट जाता येतं, म्हाताऱ्या माणसांचे हाल संपले. ट्रॅक्स आता फक्त नागपूर स्टेशनपर्यंत जाते.

बोटीत मळमळू नये म्हणून आम्ही रिकाम्या पोटी कुणाला बसवत नाही आणि पोटभरही जेवू देत नाही. एक पोळी, वर आलेपाक. चक्कर येणाऱ्याला मागं बसवतो, पुढं आपट जास्त लागते, आणि लांब क्षितिजाकडं बघायला सांगतो.

मे अखेरीला तिकडची प्रवासी वाहतूक बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत. ते महिने आमची स्वतःची जॅकेट इकडं परत येतात. रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत नदी ओलांडून कामाला जाणाऱ्या बायांसाठी ती आम्ही घाटावरच्या नाववाल्यांकडं ठेवायला देतो, भाडं घेत नाही. यंदा थोडी जास्तीची घेतली आहेत. पुढच्या हंगामात विजयदुर्ग आणि वाघोटन खाडी अशी दुसरी फेरी जोडायचं चाललं आहे. तिथल्या तांडेलांशी बोलणी झाली आहेत, आणि मार्गशीर्षातल्या शुद्ध दशमीपासूनची नावं आम्ही लिहून घेतो आहोत.