लोवेलचे माग आणि लालबागचे आजोबा

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडली की पाऊण तासात लोवेल येतं. भारतातून आलेलं कुणी इथे मुद्दाम फिरकत नाही. हार्वर्ड, समुद्र, झालंच तर नायगारा एवढ्यात सहल उरकते. मी मात्र उन्हाळाभर इथेच मुक्काम ठोकलाय, कारण लोवेल नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये मी हंगामी रेंजर आहे. पार्क म्हटलं की घरच्यांना अस्वलं दिसतात. इथे अस्वलं नाहीत, झाडंही बेताचीच. १९७८ साली कायदा करून इथे जपल्या त्या कापडगिरण्या, कालवे आणि गिरणीत कामाला येणाऱ्या मुलींची वसतिगृहं.

राखाडी शर्ट, हिरवी पँट आणि रुंद काठाची ती हॅट चढवून सकाळी आधी बोटीवर. मेरिमॅक नदी इथे सुमारे ३२ फूट खाली उतरते. त्या उतारावर आणि साडेपाच मैलांच्या कालव्यांवर हे शहर उभं राहिलं. जेम्स फ्रान्सिस या इंजिनियरने १८५० मध्ये एका कालव्यावर अजस्र लाकडी दरवाजा टांगून ठेवला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. दोनच वर्षांनी पूर आला. दरवाजा खाली सोडला आणि शहर वाचलं. १९३६ च्या पुरातही तोच कामी आला. इथे पोरंटोरं टाळ्या पिटतात, मोठी माणसं फोटो काढतात.

खरी मजा दुपारी, बूट (Boott) नावाच्या कापडगिरणीतल्या मागांच्या खात्यात. ओळीने ८८ माग. एका वेळी मोजकेच चालवतात, तरी दारातच कानात घालायला बोळे द्यावे लागतात. आवाज आधी तळपायाला कळतो, जमीन थरथरत असते. आडवा धागा घेऊन पळणारा धोटा दिसत नाही, दोन्ही टोकांना बसणारा दणका तेवढा ऐकू येतो. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. मग विणकर वाकून, तुटलेलं टोक शोधून, दोन बोटांत गाठ मारून पुन्हा चालू करतो. हे बघताना माणसं गप्प होतात. अर्थात बोलून ऐकूही येणार नाही म्हणा.

बाहेर आल्यावर मी मुलींच्या संपाबद्दल सांगते: १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून, १८३६ मध्ये वसतिगृहाचे पैसे वाढवले म्हणून. सगळे माना डोलावतात. मग मी विचारते, कापूस कुठून यायचा? इथे जरा चुळबुळ होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस इथे यायचा आणि त्यातलंच जाडंभरडं कापड परत त्यांच्याच अंगावर जायचं. हा भाग पटकन उरकावा असं काहींना वाटतं. मी उरकत नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला आणि इथल्या बऱ्याच गिरण्या थंडावल्या. तिकडे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसे भाव गडगडले आणि भलेभले शेठ बुडाले. लोवेलमध्ये उभं राहून मुंबईची गोष्ट सांगायला मिळते, त्यासाठी ती हॅट डोक्यावर तापली तरी चालते.

परवाच्या गटात एक आजोबा होते, लेकाकडे आलेले. मुंबईत लालबागच्या एका गिरणीत १९८२ च्या गिरणी संपापर्यंत होते. मुंबईची गोष्ट सगळ्यांनी ऐकली, यांनी मात्र मला बाजूला घेतलं.

"एका माणसाकडे किती साचे?" साचे म्हणजे माग, गिरणगावच्या बोलीत.

हे ड्रेपर कंपनीचे माग, धोट्यातली धाग्याची कांडी आपोआप बदलणारे. एकाकडे वीस-पंचवीस सहज असायचे, म्हटलं.

"वीस?" ते लेकाकडे वळले. "आमच्याकडे दोनाचे तीन करायला निघाले तर संप व्हायचे."

खोटं नव्हतं. एकाच माणसावर जास्त माग लादणं हे १९२८ च्या मुंबईतल्या मोठ्या संपामागचं एक कारण होतंच. मी तसं म्हटल्यावर ते खुलले. मागाजवळ जाऊन, कठड्याच्या अलीकडूनच, कापडाचा काठ न्याहाळला. "काठ ठीक आहे," म्हणाले. लेक घड्याळ बघत होता.

"तू परमनंट का गं?"

"नाही आजोबा, हंगामी. थंडी पडायच्या आत घरी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा."

"मग बदलीवालीच की," ते म्हणाले. गिरणीत कायम नसलेल्या कामगाराला बदलीवाला म्हणत. "युनियन आहे का?"