अर्जात डिझाइनची वर्षं कुठे लिहायची?

मंगळवार, रात्री

फ्रंट-एंडच्या, म्हणजे वेबपानाची दिसणारी बाजू कोडने बांधण्याच्या, एका जागेसाठी अर्ज भरते आहे. नाव, शिक्षण, कामाचे दुवे भरून झाले आणि ‘फ्रंट-एंडमधला अनुभव, वर्षांत’ या रकान्यापाशी अडले. डिझायनर म्हणून काढलेली वर्षं यात धरायची का? कोड लिहायला लागल्यानंतरची वर्षं मोजकीच आहेत, डिझाइनची कितीतरी जास्त.

जाहिरात पुन्हा वाचली. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, गिट, टेस्टिंग, आणि सगळ्यात शेवटी ‘डिझाइनची जाण असल्यास प्राधान्य’. जे काम मी जीव ओतून केलं ते यादीच्या शेपटाला. मनाला लागलं. एका मैत्रिणीचं म्हणणं, डिझाइनबद्दल फार लिहू नकोस, नाहीतर ‘ही स्क्रीन रंगवणारी, हिला कोड कितपत जमणार’ असं म्हणून अर्ज बाजूला ठेवतील. ती स्वतः मुलाखती घेते, त्यामुळे तिचं बोलणं उडवून लावता येत नाही. पण पटतही नाही. डिझाइन लपवून मी जो अर्ज पाठवीन तो दुसऱ्याच कुणाचा तरी असेल.

रकान्यात कोडचीच वर्षं लिहिली. तो आकडा खरा हवा. बाकीचं पत्रात येईल, आणि पत्रापेक्षाही जास्त कामातून दिसायला हवं.

बुधवार

जुना पोर्टफोलिओ चाळला. १४४० पिक्सेल रुंदीच्या फ्रेम, एकीहून एक देखणी. प्रत्येक कार्डावर आटोपशीर नाव, प्रत्येकाला फोटो, यादीत नेमक्या सहा गोष्टी, सगळं आधीच लोड झालेलं. डिझाइन फाइलमध्ये रुंदी मी ठरवते. ब्राउझरमध्ये ती ठरवणारा माणूस वेगळाच असतो, आणि तो मला कधी भेटत नाही. कुणी फोन आडवा धरतं, कुणी अक्षरं दुप्पट मोठी करून वाचतं, कुणी माउसला हातच लावत नाही.

आणि हे वेबच्या पायातच आहे. होकॉन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हाच पान बनवणाऱ्याच्या आवडीबरोबर वाचणाऱ्याच्या आवडीलाही त्यात जागा होती. दोघांच्या नियमांची सांगड कशी घालायची, हा त्यातला कळीचा प्रश्न. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी प्रवाही ग्रिड (रकान्यांची चौकट), लवचिक प्रतिमा आणि मीडिया क्वेरी (स्क्रीन पाहून बदलणारे नियम) एकत्र आणून रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनप्रमाणे जुळवून घेणाऱ्या, डिझाइनची मांडणी केली, तीही याच वाटेवरची. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की, रुंदीचा हट्ट सुटला की रचनेचा विचार मुळापासून करावा लागतो. आधी काय दिसायला हवं, काय खाली सरकलं तरी चालेल, कशाला कधीच धक्का लागता कामा नये. हे प्रश्न शंभर टक्के डिझाइनचे आहेत, आणि त्यांची उत्तरं मात्र सीएसएसमध्ये लिहावी लागतात. माझ्यासाठी या दोन कामांमध्ये भिंत नाही ती इथे.

बहुतेक चित्रं पोर्टफोलिओतून काढली. त्यांच्या जागी एकच चालतं पान ठेवायचं, पुस्तकं शोधण्याचं. साधंच, पण त्याच्या सगळ्या अवस्थांसकट.

शुक्रवार

दोन दिवस या पानात डोकं घातलं आहे आणि मन भरत नाहीये.

सर्वांत आधी नावं. माझ्या जुन्या फाइलींतलं प्रत्येक शीर्षक एका ओळीत बसायचं. इथे मुद्दाम लांबलचक शीर्षकं भरली, मध्ये स्पेस नसलेला एक लांब शब्दही घातला. कार्ड फुटलं. ग्रिडच्या कॉलमला आतला मजकूर मावेल इतकी जागा हवी असते, आपोआप तो त्याहून अरुंद होत नाही. किमान रुंदी शून्य करून शब्द तोडायची परवानगी दिली तेव्हा कार्ड जागेवर आलं. मग देवनागरी शीर्षकं टाकली. लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी ठेवून जादाचा भाग झाकला होता, त्यामुळे ‘र्थी’चा रफार आणि ‘कृ’चा खालचा फराटा छाटला गेला. लेटर-स्पेसिंग वाढवलेलं होतं तिथे तर शिरोरेषाच तुटली. लॅटिन अक्षरांवर जे अंतर रुबाबदार दिसतं ते आपल्या लिपीला चालत नाही. देवनागरीसाठी स्पेसिंग शून्यावर आणलं, ओळींमध्ये हवा ठेवली. डिझायनरच्या डोळ्यांना हे लगेच टोचलं आणि हातात कोड होता म्हणून लगेच दुरुस्तही झालं. कुणाला निरोप द्यायचा नाही, डिझाइन डेव्हलपरकडे सोपवायच्या पुढच्या हँडऑफची वाट बघायची नाही. हे सुख मला रोज हवंय.

मग रंग. शीर्षकाखालचा लेखकाचा मजकूर मी नेहमी करड्या रंगात ठेवते, तो मागे राहतो आणि शीर्षक पुढे येतं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष, त्यांच्या एए पातळीप्रमाणे साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. रंगाच्या कोडमध्ये सगळे सात असलेला करडा, म्हणजे ७७७७७७, पांढऱ्यावर ४.४८ पर्यंतच पोचतो. ७६७६७६ केला की ४.५४. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण मी नुसतं पास होण्यावर थांबले नाही, रंग आणखी गडद केला आणि श्रेणी दाखवायचं काम अक्षरांच्या आकारावर आणि जाडीवर सोपवलं. पान उलट जास्त ठसठशीत झालं. नियमामुळे डिझाइनची मजा जाते असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

फोटोंचं थोडक्यात. प्रतिमेला रुंदी-उंची दिली की ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो, फोटो उशिरा आला तरी खालचा मजकूर उडी मारत नाही. कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पानाचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या मापदंडांत, ही सरकासरक ०.१ गुणांपेक्षा जास्त नको. ती माझ्या पानात जवळजवळ शून्य आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुस्तकाचा तपशील उघडणाऱ्या खिडकीत. डिझाइन फाइलमध्ये ती एक फ्रेम, मागे काळसर पडदा, वर कोपऱ्यात फुली. ब्राउझरमध्ये तिला किती प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात! उघडल्यावर कीबोर्डचा फोकस कुठे जाणार? टॅब दाबत राहिलं तर तो मागच्या पानात निसटणार का? एस्केपने बंद होणार का? बंद झाल्यावर माणूस परत कुठे येणार, पानाच्या टोकाला की ज्या बटनावरून गेला त्याच बटनावर? डायलॉग एलिमेंट (एचटीएमएलमधला खिडकीचा तयार घटक) मोडल म्हणून, म्हणजे मागचं पान अडवून, उघडलं की यातलं बहुतेक ब्राउझरच सांभाळतो. मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केप चालतं, फोकस मूळ जागी परततो. २०२२ पासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. आणि कार्डावरचं बटन हे खरं बटन एलिमेंटच हवं, क्लिक लावलेला डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा चौकोन, नको. बटनापर्यंत टॅबने पोचता येतं, ते एंटर आणि स्पेस दोन्हींनी दाबता येतं, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणून ओळखतो. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, बटन एलिमेंट १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे. रिॲक्ट मी मनापासून शिकले, हे पान त्यातच बांधलंय, पण आधी पाया पक्का हवा या मतावर मी ठाम आहे.

शनिवार

रिकामी अवस्था. शोधलं आणि काहीच सापडलं नाही. ‘निकाल नाहीत’ एवढंच लिहून थांबले नाही. काय शोधलं होतं ते तसंच दाखवलं, स्पेलिंग बदलून बघा असं सुचवलं, फिल्टर लावले असतील तर ते एका बटनाने काढता येतात. नेट गेलं तर वेगळा संदेश आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. निकाल आल्याचं स्क्रीन रीडरलाही कळावं म्हणून त्या संदेशाला लाइव्ह रीजन, म्हणजे बदल आपोआप वाचला जाईल अशी खूण, लावली. हालचाल नको असलेल्यांसाठी ॲनिमेशन बंद होतं.

या अवस्था पूर्वी डेव्हलपर आपल्या मनाने भरायचा, कारण त्या कुणी काढलेल्याच नसायच्या. तोच मजकूर, तेच संदेश माणूस अडलेला असताना वाचतो. त्याच क्षणी त्याला नीट वागवलं पाहिजे, आणि ते फ्रंट-एंडवाल्याच्या हातात असतं.

रविवार, दुपारी

पत्र लिहून झालं. ‘डिझाइनमध्ये इतकी वर्षं, आता करिअर बदलते आहे’ असं सुरुवातीला लिहिलं होतं, ते खोडलं. बदल म्हटलं की मागचं सोडल्यासारखं वाटतं, आणि मी काही सोडलेलं नाही. शेवटी असं ठेवलं :

‘सोबत जोडलेलं पान फक्त कीबोर्डने वापरून बघावं, अक्षरं २०० टक्के मोठी करून बघावं, नेट बंद करून बघावं. त्यातला प्रत्येक निर्णय का घेतला हे कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या, नोंदींत लिहिलं आहे. मी डिझायनर म्हणून जे शिकले ते या कोडमध्ये आहे.’

मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “अगं, हे वाचून मी तरी पान उघडून बघेन.” मग पाठवलं.

आता मुलाखत मिळाली तर विचारायचे प्रश्न काढते आहे. त्यांच्याकडे डिझायनर आणि डेव्हलपर काम सुरू होतानाच एकत्र बसतात, की फाइल पूर्ण झाल्यावर फेकली जाते? रिकाम्या आणि चुकीच्या अवस्थांचा मजकूर कोण लिहितं? ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पान सगळ्यांना वापरता येतं का याची, तपासणी रिलीजच्या आधी होते की तक्रार आल्यावर? पगाराचा प्रश्न आहेच, तो टाळणार नाही. पण नोकरी स्वीकारायची की नाही हे माझ्यासाठी पहिल्या तीन उत्तरांवर जास्त ठरेल.